पुरुष जननमार्गाच्या घडणीत अँड्रोजेन रिसेप्टरचे काम कसे उलगडावे

प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात किंवा वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्या वर्षात हा विषय बहुधा एका वाक्यात आटोपला जातो: वृषणातून टेस्टोस्टेरॉन स्रवते आणि त्यामुळे गर्भाचा जननमार्ग पुरुषाचा होतो. हे वाक्य खोटे नाही, पण त्याच्या आधारे एकही अवघड उदाहरण सुटत नाही. रक्तात टेस्टोस्टेरॉन भरपूर असूनही बाह्य जननेंद्रिये स्त्रीची कशी दिसतात, शरीराच्या एकाच बाजूला वृषण असेल तर शुक्रवाहिनीही बहुधा त्याच बाजूला का सापडते, ठरावीक दिवस उलटून गेल्यावर दिलेले संप्रेरक आधीची उणीव का भरून काढू शकत नाही, या प्रश्नांची उत्तरे संप्रेरकाच्या नुसत्या असण्यात मिळत नाहीत. ते संप्रेरक कोठे आणि कधी पोचले, आणि तेथील कोणत्या पेशींत ते ओळखणारा रिसेप्टर होता, हे पाहावे लागते. पुढील मांडणी त्या दृष्टीने केली आहे. विद्यार्थ्याने ती कागद-पेन्सिल घेऊन वाचावी, कारण या विषयात आकृती काढल्याशिवाय विचार पुढे सरकत नाही.

आधी आकृती

मानवी गर्भाच्या सातव्या आठवड्याच्या सुमाराची स्थिती काढून घ्यावी. दोन्ही बाजूंना जननग्रंथी, त्यांच्या शेजारून खाली जाणाऱ्या दोन-दोन नलिका, खाली मूत्राशयाजवळचे मूत्रजनन विवर आणि बाहेरच्या बाजूला जननगुलिका, तिच्या खालच्या दोन घड्या व दोन उंचवटे एवढे पुरे आहे. दोन नलिकांपैकी वुल्फियन नलिका आधी तयार होते. ती मूळची गर्भाच्या तात्पुरत्या मूत्रपिंडाचा, म्हणजे मध्यवृक्काचा निचरा करणारी नळी असते. म्युलेरियन नलिका नंतर तिच्याच आधाराने खाली वाढते. या टप्प्यावर एक्सएक्स आणि एक्सवाय गर्भांत या सर्व रचना सारख्याच असतात.

आता प्रत्येक रचनेसमोर पुरुषात तिचे काय होते ते लिहावे. वुल्फियन नलिकेपासून अधिवृषण, शुक्रवाहिनी आणि शुक्राशय तयार होतात. मूत्रजनन विवराच्या भिंतीतून प्रोस्टेटचे कोंब फुटतात. जननगुलिका वाढून शिश्न होते, घड्या जुळून मूत्रमार्गाचा पुढचा भाग बंद होतो आणि उंचवटे एकत्र येऊन वृषणकोश बनतो. म्युलेरियन नलिका, जिच्यापासून स्त्रीत गर्भाशय बनते, ती नाहीशी होते. वृषण पोटातून खाली सरकतात. या यादीतील प्रत्येक घटना अँड्रोजेन रिसेप्टरमुळे, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी संप्रेरके (अँड्रोजेन) ओळखणाऱ्या प्रथिनामुळे, घडते असे समजणे ही सर्वांत सामान्य चूक आहे, म्हणून पुढची पायरी वजाबाकीची आहे.

जे रिसेप्टरचे नाही ते वेगळे काढावे

गर्भातील वृषण तीन निरनिराळे संदेश पाठवते. सर्टोली पेशी म्युलेरियन-विरोधी संप्रेरक बनवतात. लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन बनवतात आणि त्याच लायडिग पेशी इन्सुलिनसदृश घटक ३ नावाचे आणखी एक संप्रेरक स्रवतात. यांपैकी केवळ टेस्टोस्टेरॉन अँड्रोजेन रिसेप्टरमार्फत काम करते; उरलेल्या दोघांचे रिसेप्टर वेगळे आहेत आणि ते पेशीच्या पृष्ठभागावर असतात. तेव्हा आकृतीवरील म्युलेरियन नलिकेच्या लोपावर काट मारावी. वृषणाच्या उतरण्याचे दोन भाग करावेत: पोटातून जांघेपर्यंतचा पहिला टप्पा मुख्यतः इन्सुलिनसदृश घटक ३ वर अवलंबून असतो, तर जांघेतून वृषणकोशापर्यंतचा दुसरा टप्पा अँड्रोजेनवर. दुसऱ्या टप्प्यावरच रिसेप्टरचे नाव लिहावे.

ही वजाबाकी प्रथम प्रयोगाने दाखवण्याचे श्रेय फ्रेंच शास्त्रज्ञ आल्फ्रेड जोस्त यांचे. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात सशाच्या गर्भांवर मातेच्या उदरातच शस्त्रक्रिया करून, लैंगिक वेगळेपण सुरू होण्यापूर्वी जननग्रंथी काढून टाकल्या होत्या. अशा गर्भांचा जननमार्ग, गुणसूत्रे कोणतीही असोत, मादीचा झाला. वृषणाऐवजी टेस्टोस्टेरॉनसदृश संयुगाचा स्फटिक ठेवला तेव्हा वुल्फियन नलिका टिकल्या, पण म्युलेरियन नलिकाही जागच्या जागी राहिल्या. म्हणजे वृषण अँड्रोजेनखेरीज दुसरे काहीतरी पाठवत होते हे रासायनिक ओळख पटण्याच्या कितीतरी आधी तर्काने सिद्ध झाले. हा प्रयोग मूळ आकृत्यांसह पाहण्याची संधी मिळाली तर विद्यार्थ्याने ती सोडू नये. इतक्या कमी साधनांतून इतका स्वच्छ निष्कर्ष या शास्त्रात फार थोड्या वेळा निघाला आहे.

जोस्त यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. मादी गर्भात एका बाजूच्या अंडाशयाशेजारी वृषणाचा तुकडा रोपला असता परिणाम प्रामुख्याने त्याच बाजूच्या नलिकांवर झाला. वुल्फियन नलिकेला टेस्टोस्टेरॉन लागते ते शेजारच्या वृषणातून थेट मिळणारे आणि मोठ्या प्रमाणातले. रक्तातून फिरून येणारी मात्रा तिला सहसा पुरत नाही. ही नोंद आकृतीवर ठळक करून ठेवावी, कारण पुढे एका आजाराचे कोडे तिच्यावरच सुटणार आहे.

एकच रिसेप्टर, दोन संप्रेरके

मानवी अँड्रोजेन रिसेप्टरचे जनुक एक्स गुणसूत्राच्या लांब भुजेवर, सेंट्रोमियरजवळ आहे. त्यात ८ एक्सॉन, म्हणजे अंतिम संदेशात टिकणारे जनुकाचे तुकडे, असून त्यापासून सुमारे ९२० अमिनो आम्लांचे प्रथिन बनते. १९८८ साली एकाहून अधिक प्रयोगशाळांनी या जनुकाची ओळख प्रसिद्ध केली. जनुक एक्सवर असण्याचे दोन परिणाम नेहमी ध्यानात ठेवावेत. एक्सवाय गर्भात त्याची एकच प्रत असते, त्यामुळे ती बिघडली तर सावरायला दुसरी नसते. आणि एक्सएक्स गर्भातही हा रिसेप्टर असतोच. मादी गर्भ अँड्रोजेनला प्रतिसाद देत नाही तो रिसेप्टर नसल्यामुळे नव्हे, तर संप्रेरक पुरेसे नसल्यामुळे.

प्रथिनाचे चार भाग लक्षात ठेवावेत: प्रतिलेखनाला (जनुकावरून आरएनएची प्रत काढण्याला) चालना देणारा सुरुवातीचा लांब भाग, जस्ताच्या दोन बोटांनी डीएनएला धरणारा भाग, मधली बिजागरी आणि संप्रेरकाला धरणारा शेवटचा भाग. संप्रेरक नसताना रिसेप्टर मुख्यतः पेशीद्रवात, उष्माघात प्रथिने या मदतनीस प्रथिनांच्या सोबतीने निष्क्रिय असतो. संप्रेरक जोडले गेले की त्याचा आकार बदलतो, तो केंद्रकात शिरतो, दोन रिसेप्टर जोडीने डीएनएवरील ठरावीक क्रमांना चिकटतात आणि सहायक प्रथिने गोळा करून जवळच्या जनुकांचे प्रतिलेखन वाढवतात किंवा कमी करतात. अँड्रोजेन रिसेप्टरसाठी प्रतिपिंड-रंजन केलेली काचपट्टी पाहताना रंग केंद्रकात आहे की पेशीद्रवात हे आधी पाहावे. केवळ ‘रंग आला’ एवढी नोंद निरुपयोगी आहे.

कोणती जनुके चालू होतील हे मात्र रिसेप्टर एकटा ठरवत नाही. पेशीतील डीएनएचा कोणता भाग आधीच उघडा आहे यावर ते ठरते, आणि तो भाग उघडण्याचे काम फॉक्सए१ सारखी इतर प्रथिने करतात. त्यामुळे तोच रिसेप्टर अधिवृषणात एक संच चालवतो, प्रोस्टेटमध्ये दुसरा.

आता दुसऱ्या संप्रेरकाकडे यावे. मूत्रजनन विवर आणि बाह्य जननेंद्रियांच्या पेशींत ५-अल्फा-रिडक्टेज प्रकार २ हे एन्झाइम असते. ते टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये, म्हणजे डीएचटीमध्ये करते. डीएचटी त्याच अँड्रोजेन रिसेप्टरला अधिक घट्ट चिकटते आणि अधिक सावकाश सुटते. वृषणापासून दूर असलेल्या या ऊतींना रक्तातून जे थोडे टेस्टोस्टेरॉन मिळते, त्याचा प्रभाव अशा रीतीने वाढतो. वुल्फियन नलिकेत, ती टिकून राहण्याच्या निर्णायक काळात, हे एन्झाइम जवळजवळ नसते. तिला शेजारून भरपूर टेस्टोस्टेरॉन मिळते आणि तेवढ्यावर तिचे भागते. आकृतीत वुल्फियन नलिकेसमोर ‘टेस्टोस्टेरॉन’ आणि मूत्रजनन विवर व बाह्य रचना यांच्यासमोर ‘डीएचटी’ लिहिले की पुढचा अर्धा विषय हातात येतो.

रिसेप्टर कोणत्या पेशीत हवा

प्रोस्टेटचा कोंब अस्तराच्या पेशींपासून, म्हणजे एपिथेलियमपासून फुटतो. म्हणून रिसेप्टरही त्याच पेशींत काम करत असणार, असे साहजिकच वाटते. तसे नाही, आणि या विषयातील मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा धडा हाच आहे, म्हणून येथे थोडे थांबावे.

ब्रिटनमधील हारवेल येथे मेरी लायन आणि सुसान हॉक्स यांनी १९७० साली माउसमधील एक एक्सवरील उत्परिवर्तन नोंदवले. त्यातील एक्सवाय पिल्लांना वृषण असूनही बाह्य स्वरूप मादीचे होते, कारण त्यांचा अँड्रोजेन रिसेप्टर निकामी होता. या माउसच्या ऊती वापरून जेरल्ड कुन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अदलाबदलीचे प्रयोग केले. गर्भाच्या मूत्रजनन विवराचे अस्तर आणि त्याभोवतीची मेसेन्काइम ही सैल ऊती एन्झाइमच्या साहाय्याने अलग करून, निरनिराळ्या जोड्या पुन्हा जुळवून त्या नर माउसच्या शरीरात वाढवल्या. अस्तर रिसेप्टर नसलेले आणि मेसेन्काइम रिसेप्टर असलेले, अशा जोडीत प्रोस्टेटच्या नलिका तयार झाल्या. उलट जोडीत, म्हणजे अस्तरात उत्तम रिसेप्टर पण मेसेन्काइममध्ये नाही अशा जोडीत, प्रोस्टेट झालाच नाही. कोंब फुटण्याची आज्ञा मेसेन्काइममधील रिसेप्टर देतो. अस्तर ती मेसेन्काइमने सोडलेल्या वाढघटकांच्या रूपाने ऐकते. अस्तरातील स्वतःचा रिसेप्टर लागतो तो पुढे, प्रोस्टेटची विशिष्ट स्रावी प्रथिने तयार करण्यासाठी.

वुल्फियन नलिकेतही हाच क्रम मोठ्या प्रमाणात दिसतो. तिच्याभोवतीच्या मेसेन्काइममध्ये रिसेप्टर आधी आढळतो, अस्तरात नंतर. प्रौढ माणसाचे अधिवृषण उलगडले तर सुमारे ६ मीटर भरते. इतकी लांब नळी एवढ्याशा जागेत बसण्यासाठी जी वेटोळी पडतात, त्यांसाठी मेसेन्काइमकडून येणारा ॲक्टिव्हिन ए हा घटक आवश्यक असल्याचे माउसमध्ये दिसले आहे. म्हणून कोणताही शोधनिबंध वाचताना रिसेप्टर संपूर्ण शरीरातून काढला आहे, केवळ अस्तरातून काढला आहे की केवळ मेसेन्काइममधून, हे पद्धतीच्या भागात शोधून समासात लिहावे. ही एक सवय लागली तर वरवर एकमेकांविरुद्ध वाटणारे बरेच निष्कर्ष जुळू लागतात.

मेसेन्काइमविषयीची आणखी एक गोष्ट जुन्या पाठ्यपुस्तकांत मिळणार नाही. अँड्रोजेन नसेल तर वुल्फियन नलिका आपोआप विरून जाते, असे अनेक दशके मानले जात असे. २०१७ साली अमेरिकेतील हम्फ्री याओ यांच्या प्रयोगशाळेने माउसच्या मादी गर्भात मेसेन्काइममधील कूप-टीएफ २ हे प्रथिन काढून टाकले, आणि त्या गर्भांत अँड्रोजेन नसतानाही वुल्फियन नलिका टिकून राहिल्या. दोन्ही प्रकारच्या नलिका एकाच गर्भात दिसल्या. मादीत ही नलिका सक्रियपणे काढून टाकली जाते, असा त्याचा अर्थ आहे. तेव्हा ‘स्त्रीमार्ग म्हणजे काहीच न घडल्याचा परिणाम’ हे वाक्य आपल्या वहीत असेल तर ते खोडावे, आणि रिसेप्टर वुल्फियन नलिकेला केवळ पोसतो असे न लिहिता, तिच्या निर्मूलनाच्या कार्यक्रमाविरुद्ध तो तिला टिकवतो, असे लिहावे.

कोणत्या दिवशी

मानवी गर्भात लायडिग पेशी साधारण आठव्या आठवड्यापासून टेस्टोस्टेरॉन बनवू लागतात. सुरुवातीला त्यांना चालना देते ते अपरेचे (वारेचे) एचसीजी संप्रेरक. गर्भाची स्वतःची पीयूषिका ग्रंथी हे काम नंतर हाती घेते. मूत्रमार्गाच्या घड्या जुळण्याचे काम चौदाव्या आठवड्याच्या आसपास बहुतांशी पुरे होते. या काळाचे महत्त्व नेमके कसे मोजावे, हे रॅटवरील एका प्रयोगमालिकेने फार चांगले दाखवले आहे.

एडिंबरा येथील संशोधकांनी २००८ साली गाभण रॅटना फ्लुटामाइड हे रिसेप्टर अडवणारे औषध गर्भकाळाच्या निरनिराळ्या तुकड्यांत दिले. १५.५ ते १८.५ या गर्भदिवसांच्या दरम्यान रिसेप्टर अडवला तर नर पिल्लांत मूत्रमार्गाचे छिद्र चुकीच्या जागी येणे, वृषण न उतरणे, नलिका व ग्रंथी अपुऱ्या राहणे असे दोष आढळले. तीच अडवणूक नंतर केली तर हे दोष जवळजवळ आढळले नाहीत. यात लक्ष देण्याची बाब अशी की या काळात नर आणि मादी गर्भांच्या बाह्य रचना अजून सारख्याच दिसतात. फरक डोळ्यांना दिसू लागतो तो त्यानंतर. म्हणजे रिसेप्टरने द्यायचा निर्णय आधी दिला जातो आणि रचना पुढे त्यानुसार वाढते. अवयव ज्या दिवशी घडताना दिसतो त्याच दिवशी रिसेप्टरचे काम शोधणारा विद्यार्थी उशिरा पोचतो. मानवात या काळाशी जुळणारा काळ अंदाजे ८ ते १४ आठवड्यांचा मानला जातो. त्यानंतरच्या अँड्रोजेनला महत्त्व नाही असे मात्र समजू नये. शिश्नाची पुढची वाढ, वृषणाचा दुसरा टप्पा आणि प्रोस्टेटची परिपक्वता त्याच रिसेप्टरवर चालतात.

प्रयोगशाळेत मोजायचे असेल तर

गर्भाच्या निर्णायक काळात रिसेप्टर किती सक्रिय होता याचा अंदाज जन्मानंतर घेण्याचा सोपा मार्ग म्हणजे गुदद्वार आणि जननगुलिका यांमधील अंतर मोजणे. रॅटच्या नर पिल्लात ते मादीच्या साधारण दुप्पट असते. भारतात असे काम हाती घेण्यापूर्वी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची लेखी परवानगी घेणे बंधनकारक आहे. ती औपचारिकता समजू नये, कारण किती प्राणी खरोखर लागतील याचा हिशेब त्याच टप्प्यावर नीट बसतो.

जन्मानंतरच्या पहिल्या चार दिवसांपैकी एक दिवस ठरवून सर्व पिल्ले त्याच दिवशी मोजावीत. गुदद्वाराची पुढची कड आणि जननगुलिकेचा तळ ही दोन टोके आधीच निश्चित करावीत, कातडी ताणू नये, शक्यतो स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली मोजपट्टी असलेल्या नेत्रभिंगातून वाचन घ्यावे आणि सर्व मोजमापे एकाच व्यक्तीने, पिल्लू कोणत्या गटातील आहे हे न कळता करावीत. मोठ्या पिल्लात अंतर मोठे येणारच, म्हणून ते शरीराच्या वजनाच्या घनमुळाने भागावे. सर्वांत अधिक चुका होतात त्या संख्याशास्त्रात. औषध मातेला दिलेले असते, म्हणून एकक माता आणि तिचे संपूर्ण वेत हे आहे. एका वेतातील दहा पिल्ले म्हणजे दहा स्वतंत्र निरीक्षणे नव्हेत. ही चूक असलेला निष्कर्ष कितीही आकर्षक दिसला तरी स्वीकारू नये.

बाराव्या-तेराव्या दिवसाच्या सुमारास दुसरे मोजमाप घेता येते. मादी पिल्लात स्तनाग्रांच्या १२ खुणा असतात. नर पिल्लात डीएचटी आणि रिसेप्टर यांच्यामुळे त्या गर्भावस्थेतच मागे हटलेल्या असतात. नरात त्या दिसू लागल्या तर रिसेप्टरची साखळी कोठेतरी तुटली होती.

कोठे तुटली, हे दोषांच्या जुळणीवरून ठरवावे. फ्लुटामाइड किंवा बुरशीनाशक व्हिन्क्लोझोलिनची विघटनद्रव्ये रिसेप्टरच अडवतात, म्हणून वुल्फियन नलिकेपासूनच्या रचना आणि बाह्य रचना या दोहोंवर परिणाम होऊ शकतो. फिनास्टेराइड डीएचटी बनू देत नाही. त्यामुळे प्रोस्टेट व बाह्य रचना बाधित होतात आणि अधिवृषण, शुक्राशय तुलनेने सुरक्षित राहतात. प्लॅस्टिक मऊ करण्यासाठी वापरली जाणारी काही थॅलेट संयुगे रिसेप्टरला हातही लावत नाहीत, ती गर्भाच्या लायडिग पेशींचे उत्पादन घटवतात. आणि त्या पेशी इन्सुलिनसदृश घटक ३ ही बनवत असल्यामुळे, वृषणाला खाली धरून ठेवणारे बंध अविकसित राहणे हा दोष त्यात मिळतो. वृषण उतरले नाहीत एवढीच नोंद करून थांबणाऱ्याला हा भेद कधीच दिसणार नाही. वृषण कोठे थांबले आणि बंधाची अवस्था काय आहे, हे शवविच्छेदनाच्या वेळीच लिहून ठेवावे लागते.

याच ठिकाणी एक व्यवहारातील सूचना करणे आवश्यक वाटते. फिनास्टेराइड केस गळण्यावर आणि प्रोस्टेटच्या वाढीवर आपल्याकडे सर्रास दिले जाते. घरात गरोदर स्त्री असेल तर तिने या औषधाच्या फुटलेल्या किंवा कुटलेल्या गोळ्या हाताळू नयेत. वर सांगितलेली साखळी समजली की ही ताकीद औषधाच्या माहितीपत्रकात का असते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

माणसातील उदाहरणे सोडवताना

येथे आपण ज्यांच्याविषयी वाचतो ती जिवंत माणसे आहेत, त्यांना नाव आहे, कुटुंब आहे, स्वतःची ओळख आहे, आणि ती ओळख गुणसूत्रांच्या अहवालावरून ठरत नाही. वर्गात त्यांची छायाचित्रे कुतूहलाचा विषय म्हणून फिरवू नयेत, एवढे पथ्य शिक्षकाने पाळावे. पद्धत मात्र तीच: आकृती पुढे ठेवावी, कोणत्या रचना आहेत आणि कोणत्या नाहीत ते खुणेने दाखवावे, मग साखळीत मागे जावे.

अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन मॉरिस यांनी १९५३ साली ८२ व्यक्तींची माहिती एकत्र करून जी स्थिती वर्णिली, ती आज संपूर्ण अँड्रोजेन असंवेदनशीलता म्हणून ओळखली जाते. गुणसूत्रे ४६, एक्सवाय, वृषण पोटात किंवा जांघेत, बाह्य स्वरूप पूर्णपणे स्त्रीचे, योनी आखूड व वरून बंद, गर्भाशय नाही, पाळी येत नाही. गर्भाशय नाही, म्हणजे म्युलेरियन-विरोधी संप्रेरकाने आपले काम केले आणि वृषण गर्भात कार्यरत होते. टेस्टोस्टेरॉनची पातळी पुरुषाइतकी किंवा त्याहून अधिक असते, म्हणजे उत्पादन ठीक आहे. प्रोस्टेट नाही, बाह्य रचना पुरुषी नाहीत, वुल्फियन नलिकेच्या रचना नाहीत किंवा अवशेषरूपात आहेत. तेव्हा दोष रिसेप्टरमध्ये. वयात येताना स्तनांची वाढ होते ती टेस्टोस्टेरॉनपासून एस्ट्रोजेन बनत असल्यामुळे, आणि एस्ट्रोजेनचा रिसेप्टर शाबूत असल्यामुळे.

यासमोर डोमिनिकन प्रजासत्ताकातील कुटुंबे ठेवावीत, ज्यांचे वर्णन १९७४ साली ज्युलियन इंपेराटो-मॅकगिन्ली आणि सहकाऱ्यांनी केले. त्यांच्यातील ४६, एक्सवाय मुलांची बाह्य जननेंद्रिये जन्मतः मुलींसारखी किंवा संदिग्ध होती, पण आत अधिवृषण, शुक्रवाहिनी आणि शुक्राशय व्यवस्थित होते, प्रोस्टेट मात्र लहान. वयात येताना आवाज व स्नायू पुरुषी झाले, शिश्न वाढले. वुल्फियन बाजू शाबूत आणि डीएचटीची बाजू बाधित, हे आकृतीवर दिसताच दोष ५-अल्फा-रिडक्टेजचा आहे आणि रिसेप्टर निरोगी आहे, हे उत्तर मिळते.

तिसरे उदाहरण एक्सएक्स गर्भाचे घ्यावे. मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीतील एन्झाइमच्या जन्मजात दोषामुळे तिच्यात अँड्रोजेन अधिक बनले तर बाह्य जननेंद्रिये कमी-अधिक प्रमाणात पुरुषी होतात. तिच्या पेशींत रिसेप्टर आहे याचा हा उघड पुरावा. गर्भाशय असते, कारण वृषणच नाही. पण अधिवृषण किंवा शुक्रवाहिनी सहसा सापडत नाही. जोस्त यांच्या प्रयोगातील ती ठळक केलेली नोंद येथे उपयोगी पडते: शेजारी वृषण नाही, रक्तातली मात्रा वुल्फियन नलिकेला पुरली नाही.

अंशतः असंवेदनशीलता हा सर्वांत अवघड गट आहे. रिसेप्टर पूर्ण निकामी नसतो, त्यामुळे बाह्य स्वरूपात स्त्रीसदृश ते जवळजवळ पुरुषी अशा सर्व पायऱ्या आढळतात, आणि एकाच उत्परिवर्तनाच्या दोन भावंडांतही फरक दिसू शकतो. मूत्रमार्गाचे छिद्र शिश्नाच्या खालच्या बाजूला उघडणे एवढाच दोष असलेल्या मुलांपैकी बहुतेकांत रिसेप्टरच्या जनुकात बिघाड सापडत नाही, म्हणून तेवढ्यावरून निदान लिहू नये. बाळाला एचसीजी देऊन टेस्टोस्टेरॉन वाढते का, आणि त्याचे डीएचटीशी गुणोत्तर काय येते, हे आधी पाहिले जाते. दोन्ही ठीक असतील तर जनुकाचे आठही एक्सॉन वाचले जातात.

तरीही काही व्यक्तींत लक्षणे स्पष्ट असूनही या आठ एक्सॉनच्या प्रथिन ठरवणाऱ्या भागात काहीच सापडत नाही. अशा वेळी अहवालावर ‘रिसेप्टर निर्दोष’ असे लिहून मोकळे होऊ नये. २०१६ साली एका संशोधकगटाने दाखवले की जनुकाच्या सुरुवातीच्या, प्रथिनात न उतरणाऱ्या भागातील एका बदलाने प्रथिनाचे उत्पादनच घटते आणि संपूर्ण असंवेदनशीलता उद्भवते. प्रथिनाचा क्रम मात्र अगदी बरोबर असतो. म्हणून शक्य असेल तेथे जननत्वचेतील फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीच्या) पेशी वाढवून त्यांना डीएचटी द्यावे आणि ॲपोलिपोप्रोटीन डी या रिसेप्टरच्या आज्ञेत असलेल्या जनुकाचे प्रतिलेखन किती वाढते ते मोजावे. ते वाढले नाही, तर जनुकाचा क्रम निर्दोष दिसत असला तरी दोष रिसेप्टरच्या साखळीतच आहे असे धरून पुढचा शोध घ्यावा.